सात-बावन्नची बस

इंग्लंडच्या दक्षिण काठावर, खाडीच्या या बाजूला
ऐंशी हजार माणसं आणि एकही स्टेशन नाही.
स्टेशन पलीकडे आहे.
मधे बोट, आठ मिनिटांची.
आमच्या धक्क्यापासून बसथांबा दोनशे दहा पावलं.
ग्लेनिस टॅरंटची पावलं,
गुडघा बदलण्याआधीची.

रात्रपाळी संपवून पलीकडून आलेली माणसं घेऊन
बोट लागते सात-एकावन्नला.
बस सुटते सात-बावन्नला.
पुढची आठ-बावीसला, आली तर.

एवढंच सांगायला आम्हाला सहा वर्षं लागली.

ग्लेनिसकडे निळ्या पुठ्ठ्याची वही आहे.
तिचा नवरा तिच्यात भरती-ओहोटी लिहायचा.
तो गेल्यावर उरलेल्या पानांवर
ती बस लिहू लागली:
'मंगळवार. मागचे लाल दिवे दिसले.
अकराजण धावले, एक मुलगा पोचला.
ड्रायव्हरचा दोष नाही, त्याला उशिराचा जाब द्यावा लागतो.'
'गुरुवार. धुकं. बोट बंद.
बस वेळेवर. रिकामी.'

समितीत आम्ही पाचजण,
चॅपलमागच्या खोलीत भेटतो,
जिथल्या हीटरला नाणं घातल्याशिवाय माया येत नाही.
डेझमंड ओयेलारनने एकदा तीन नकाशे भिंतीला लावले:
बसकंपनीचा, बोटकंपनीचा, रेल्वेचा.
प्रत्येकात दुसऱ्या दोघांच्या जागी
नुसता निळा समुद्र.

तिकिटंही तीन, तीन रंगांची.
तिन्हींची बेरीज केली की मोटार स्वस्त पडते,
म्हणून लोक खाडीला वळसा घालतात, सतरा मैल,
एकेका गाडीत एकेक माणूस, काचा वर,
आणि किनाऱ्याचा रस्ता दर हिवाळ्यात
हातभर समुद्रात जातो.
तो पुन्हा बांधायला पैसे असतात.

आमच्या अर्जाचं मात्र भिजत घोंगडं,
आणि या देशात घोंगडं वाळायला ऊनही बेताचंच.

शेवटी सुनावणी लागली.
प्रत्येक वक्त्याला तीन मिनिटं.
ग्लेनिस उभी राहिली, म्हणाली,
'तीन मिनिटं दिलीत, आभार.
बसने कधी दिली नाहीत.'
मागच्या रांगेत कुणीतरी हसलं.
मग ती वही वाचत सुटली. मंगळवार, गुरुवार,
किती धावले, किती राहिले,
पावसात उभी असलेली ती गरोदर नर्स,
आणि दोन पानं एकदम उलटली गेली:

'भरती सहा-चौदा. वारा नैऋत्येचा.
ग्लेनिसला रात्रभर खोकला.
आज बोटीवर जायला नको म्हणालो. गेलीच.'

ती थांबली.
घंटा वाजवणारा कारकून घंटेवर हात ठेवून बसून राहिला.
ती खाली बसली तेव्हा
तिची चाळीस सेकंद शिल्लक होती,
आणि ती कुणी मागितली नाहीत.

पाच महिन्यांनी पत्र आलं, चार ओळींचं.
सात-बावन्नची बस आता सात-छपन्नला.
प्रायोगिक तत्त्वावर.
बाकी मागण्यांचा अभ्यास चालू आहे.

पहिल्या सोमवारी आम्ही पाचही जण बोटीवर होतो,
आणि बोट नेमकी रखडली.
एक मालवाहू जहाज आडवं गेलं, सावकाश,
आपल्या बापाची खाडी असल्यासारखं.
धक्क्याला लागलो तेव्हा सात-सत्तावन्न.
सगळे धावले, सवयीनेच.
डेझमंड नकाशांची गुंडाळी काखेत मारून,
मी माझ्या वयाला न शोभेलसा.
ग्लेनिस धावली नाही.
वळणावर बस उभी होती, इंजिन बंद,
आणि ड्रायव्हर, कपाळावर टोपी,
दार उघडं टाकून फ्लास्कमधला चहा पीत होता
जणू त्याला आमचं काही देणंघेणं नव्हतं.

ग्लेनिस सगळ्यांत शेवटी चढली.
खिडकीशी बसून तिने वही उघडली:
'सोमवार. दोघीही जरा उशिरा.
भेट झाली.'

मग थोडा विचार करून, खाली:
'तिकिटं अजून तीन.'