खाऱ्या पाण्यावरची पहाट

सगुणमामाकडे डिमर नव्हता.
तीन बरण्या होत्या चिनीमातीच्या,
म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातल्या,
एकीला अजून कैरीच्या लोणच्याचा वास.
तळाशी शिशाची एक चकती,
वर दोरीला टांगलेली दुसरी,
मध्ये विहिरीचं पाणी, आणि पाण्यात
आमच्या आगरवाड्याचं मीठ.

दोरी सैल सोडली की चकती बुडे,
चकती चकतीजवळ जाई,
आणि सातेरीच्या मांडावर
डालड्याच्या डब्यांतून दिवस वर येई.
हे कुठल्या पुस्तकात वाचलंत, विचारलं तर म्हणे,
पुस्तक कसलं? वायरमन आहे मी.
ओल्या जमिनीवर उभा राहून शॉक खाल्लाय.
पाणी वीज नेतं, हे हाताला ठाऊक.

मी तेव्हा अकरा वर्षांचा. माझं काम
बरणीतून वाफ निघाली की सांगायचं
आणि कशाला म्हणजे कशालाच हात लावायचा नाही.

त्या वर्षी काल्याच्या रात्री मीठ घालायचं राहिलं.
पहिले दोन अंक राजवाड्यातले, लख्ख,
त्यांना बटण पुरलं.
तिसऱ्यात रणांगण. प्रेतांमध्ये मुलाला शोधणारी राणी,
म्हणजे जयराम पोस्टमन, पायघोळ निळ्या शालूत,
आणि नाटककाराची सूचना: हळूहळू फटफटतं.

फटफटेना.
चकतीला चकती टेकायला आली
तरी मांडावर नुसते निखारे.
टेकली असती तर पहाट वगळून
भक्कन दुपारच झाली असती.

मीठ, मामा म्हणाला. एवढंच.

मी अनवाणी बांधावर.
मानशीच्या फळ्यांमागे शापोऱ्याची भरती गुरगुरत होती.
झावळ्यांखाली रास. हात घातला तर
अंधारातून बाबांचा आवाज,
मीठ खंय व्हरता रे?
नाटक सोडून ते राखणीला बसले होते.
उजवाडाक, मी म्हणालो.

ते काही बोलले नाहीत.
स्वतःच्या दोन मुठी भरल्या,
माझ्या दुप्पट होत्या त्या,
आणि माझ्या सदऱ्याच्या ओच्यात टाकल्या.

परत आलो तेव्हा जयराम
तेच स्वगत तिसऱ्यांदा म्हणत होता,
लोकांना वाटत होतं, राणीला वेड लागलं.
मामाने मीठ सोडलं, चिखलासकट,
एक बारीकशी मेलेली कोळंबीही आत गेली.
पाणी बुडबुडलं.

मग जी पहाट झाली
ती सरळ आली नाही. थरथरली, मागे सरली,
पुन्हा आली, घरच्या माणसासारखी
दारात खोकून.
जयराम रडायचं विसरला.
डब्यांकडे बघत राहिला,
आणि मग त्याला खरंच रडू आलं.

सकाळी बाबांनी हिशेब मागितला.
कितलो उजवाड जालो?
मेलेल्या मुलाचं तोंड ओळखू येईल, इतका.
पुरे, ते म्हणाले, आणि फावडं उचललं.

आता पणजीत, काचेमागे, थंड खोलीत
माझ्यासमोर एकशे अठ्ठावीस चॅनल.
दिवे तापत नाहीत, वाफ नाही, वास नाही.
क्यू त्रेचाळीस, पहाट, नव्वद सेकंद.
ते थरथरणं घालून बघितलं आहे मी,
यंत्र म्हणतं, जमेल, आणि जमवतंही,
आणि ते ट्यूबलाइट बिघडल्यासारखं दिसतं.

काल तालमीत नवी मुलगी, ऋजुता,
रंगमंचावरून डोळ्यांवर हात धरून म्हणाली,
सर, पहाट जरा उशिरा येईल का?
किती उशिरा?
तिने विचार केला.
म्हणजे... कोणीतरी आणायला गेलंय, असं वाटेल इतकी.

मी नव्वद पुसले, दोनशे दहा केले.
मांडापासून राशीपर्यंत आणि परत,
ओचा धरून धावताना
थोडं सांडतं, तेवढं धरून.