पावती

सदाशिव पेठेतल्या दुकानात एसी होता.
पोरगा म्हणाला, साठ लिटर, आतली फ्रेम, पाठीला हवा लागते,
चौदा हजार, पक्कं बिल.
भिंतीवरचं चित्र दाखवलं:
बर्फ. दाढीवाला गोरा माणूस.
पाठीवर सांगाडा, सांगाड्यावर हरणाची मांडी,
वर आडवी बांधलेली शिंगं,
आणि माणूस हसतोय.
'तिकडे ह्यावरून अख्खं हरीण डोंगर उतरवतात, काका.
तुम्हाला काय न्यायचंय?'

कॅमेरे, म्हटलं. झाडाला बांधायचे, आठ.
बॅटऱ्या, खुंट्या, कोयता, पाच लिटर पाणी.
सुप्याच्या माळावर चिंकारे मोजतो आम्ही,
मॅडम लिहितात, मी दाखवतो.
चित्राकडे पुन्हा बघायचं नाही असं ठरवलं
आणि बघितलं.

माझा आजा सुरमल
हरीण मानेवर घ्यायचा, चारी पाय छातीशी मुठीत.
फ्रेम नव्हती. बरगड्या होत्या.
त्याचाही फोटो आहे, तालुक्याच्या चौकीत,
एक समोरून, एक बाजूने.
त्यात तो हसत नाही.

बुधवार होता, म्हणून जुन्या बाजारात उतरलो.
मुलाणीचाचांच्या ताडपत्रीवर,
बिनदांड्याच्या छत्र्या, सायकलचे पंप आणि एकटा डावा बूट
ह्यांच्या मधोमध ती उताणी पडली होती.
ॲल्युमिनियमची बाहेरची फ्रेम, शिडीसारखी,
तळाला दुमडती फळी.
कापड शेवाळी. एका बक्कलाच्या जागी सुतळी.
फळीच्या सांध्यात तपकिरी डाग.
गंज, चाचा म्हणाले.
ॲल्युमिनियम असं गंजत नाही,
हे त्यांना ठाऊक, मलाही.
दोघंही फळीकडे बघत राहिलो.

शेजारच्या भंगारवाल्याकडून वजनं आणली,
पाच, पाच, दोन, दोन, एक,
गोणपाटात गुंडाळून वरच्या आडव्या नळीला आवळली.
भार वर हवा, खांद्याच्या पात्यांमध्ये.
खाली लोंबला की माणसाला मागे ओढतो,
उधारीसारखा.
पट्टा कमरेच्या हाडावर, पोटावर नाही.
आता चाला, चाचा म्हणाले.

कुंभारवाड्याच्या वळणापर्यंत गेलो.
घेणारे पाठ दुखते का ते बघतात.
मी कान लावून चाललो.
आजा म्हणायचा, करकरणारी वहाण गवतात नेऊ नये,
ती तुझ्याआधी पोचते.
दहाव्या पावलाला: किर्र.
डावीकडची पिन.
परत आलो. चाचांनी सायकलच्या ट्यूबची चकती कापून
पिनेखाली सरकवली.
पुन्हा गेलो.
चहाच्या टपरीखाली कुत्रं झोपलं होतं,
त्याच्या नाकापासून वीतभरावरून, पंधरा किलो घेऊन.
कान हलला नाही.
घेतली.

बाराशे.
पावती द्या.
चाचा हसले. 'जुन्या बाजारात पावती? उद्या गॅरंटी मागाल!'
म्हटलं, आडनाव काळे. पारधी.
स्वारगेटवरनं एसटी धरायचीय.

हसू जिथल्या तिथे राहिलं.
त्यांनी कॅलेंडरचा मागचा महिना फाडला,
पेन झटकलं, तळहातावर चालवून बघितलं, मग लिहिलं:
सांगाडा एक, पिशवी शेवाळी एक, जुनी.
रोख बाराशे पोचले. माल ह्यांचा.
सही. मोबाईल नंबर.
जरा थांबून, सहीच्या खाली:
आवाज करत नाही.

रिक्षात कप्पे मोजले. अकरा.
एक पाण्याचा, एक चाकूचा,
एक इतका अरुंद की कशाचा ते कळेना.
सगळे रिकामे.
पावती मात्र शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली,
अर्धी बाहेर, दिसेल अशी.
विचारल्यावर हात मागे न्यावा लागला
तर त्यांना ते आवडत नाही.