इतिवृत्त

ग्दिनियाच्या गोदीत सोमवारी आठला बैठक.
टेबलाशी बारा जण,
वही मात्र न चुकता लुदमिवाकडे सरकते:
"तुझं अक्षर सुरेख आहे ना."

जहाजाच्या पोटाचे सगळे नकाशे
तिच्या सहीशिवाय हलत नाहीत.
हे कुणी नाकारत नाही.
कुणी काढतही नाही विषय.

छत्तीस नंबरचा सांधा थंडीत तडकेल, ती म्हणते.
खिडकीबाहेर क्रेन वळते.
कॉफी येते, साखर कुणाला किती, ते होतं.
मग झेमोवित घसा खाकरतो
आणि तेच म्हणतो.
माना डोलतात.

तिच्या हातून सवयीने उतरतं:
'सांध्याबाबत निर्णय घेण्यात आला.'
नऊ वर्षं हेच.
सुचवण्यात आलं. ठरवण्यात आलं.
कर्त्यावाचून चाललेली वाक्यं,
जशी काही गोदीत भुतंच कामाला.

आज ती ओळ खोडते. लिहिते:
'८.२० लुदमिवा: सांधा तडकेल.
८.३१ झेमोवित: सांधा तडकेल.'
शेरा नाही.

वही सह्यांना फिरते.
झेमोवित वाचतो, चष्मा पुसून
परत वाचतो.
"तुझं घड्याळ पुढे आहे का गं?"

"हो," ती म्हणते,
"अकरा मिनिटं."