जुलेप

कॅम्पातल्या क्लबात कर्नलनं पहिल्यांदा मागितलं,
तेव्हा भरमाण्णा हलगेकर हसू दाबायला
टेबलाखाली वाकला म्हणे.
"आमच्यात जुलाब म्हणतात सायेब,
आणि ते मागून घेत न्हाईत कोण."

पुढं दरबार गल्लीतल्या अत्तरवाल्यानं सांगितलं,
शब्द एकच रे. मूळचं गुलाबपाणी.
एक भाऊ हकिमाकडं राहिला,
दुसरा परदेशी जाऊन दारूत पडला.

"पुदिना वडगावचा, सकाळचा.
ठेचायचा न्हाई.
तळव्यावर ठेवून एक चापट,
झोपलेल्या पोराला मारतात तेवढी.
बर्फ फडक्यात बांधून वरवंट्यानं.
बोर्बन कुठलं बेळगावात?
रमच ओतायचो.
कर्नल डोळे मिटून प्यायचा."

चांदीचा पेला क्लबात एकच.
दुसऱ्या पाव्हण्याला
भरमाण्णाच्या लग्नातलं फुलपात्र.

आता अनगोळात, पत्र्याखाली,
डालड्याच्या डब्यात पुदिना माजलाय.
दारू डॉक्टरनं बंद केली.
साखरपाणी, बर्फ, वर हिरवा तुरा,
माझ्यापुढं तेच फुलपात्र.

"काठाला धर. अंगाला धरलास
तर दव पुसतंय."

मी अंगालाच धरलं.
बोटांखाली कोरलेली अक्षरं लागली,
गोल गोल, कानडी.
बैलहोंगलहून आलेलं भांडं,
तिच्यासंगं.

"वाचता येतंय काय तुला?"
नाही.
"मलाबी न्हाई.
तिचंच नाव असणार की.
पी, पाणी व्हायलंय."