कुंदी

ओंडका एक, मोगऱ्या दोन.
पलीकडे झुमाना, अलीकडे मी.
मधे रंगारणींच्या अंगणातून आलेलं,
खळ पिऊन पापडासारखं कडक झालेलं कापड.
त्याची एक, माझी एक,
त्याची एक, माझी एक.
बावीस वर्षं आम्ही मोजलं नाही
आणि चुकलो एकदाच.
त्याची खूण माझ्या अंगठ्याच्या नखावर आहे.

चकाकी वरून लावता येत नाही, झुमाना म्हणायचा,
ती कापडात निजलेली असते.
पोराला शाळेसाठी उठवावं
तसं उठवायचं तिला,
फक्त जरा जोरात.

कादिदिया आली ती पॅरिसहून.
कानांवर एवढाले हेडफोन, पायांत केशरी बूट.
आजोबा सेगूकडचे,
हे तिनं बसायच्या आधीच सांगून टाकलं.
एक माइक ओंडक्याखाली सरकवला,
एक छपराच्या वाशाला टांगला.
"रोज करता तसंच करा," म्हणाली.
रोजच्यासारखं करा म्हटल्यावर
रोजच्यासारखं काही जमेना.
तासभर आम्ही दोघं नवशिके.
मग पत्रा तापला, आणि तिला विसरलो.

झुमाना त्या दिवशी खोकत होता.
रंगाची वाफ, धूळ, काय असेल ते.
माझी मोगरी पडली
की त्याची पडायच्या आत
बारीक, कोरडा,
कुणी चिंधी फाडावी तसा.

पैसे तिनं चोख दिले, खोटं कशाला बोलू.
आता ती शर्ट आणि गाणं एकत्रच विकते.
कॉलरच्या आत चौकोनी नक्षी शिवलेली.
तिच्यापुढे फोन धरला की
आमच्या मोगऱ्या वाजू लागतात,
त्यांवर गिटार, त्यावर कुणा पोरीचा गळा.
डाकारला नाचतात म्हणे. ब्रसेल्सलाही.

झुमाना रमजानच्या अखेरीस गेला.

काल मी हिप्पोड्रोममधल्या त्या दुकानात शिरलो.
काचेबाहेर घुटमळलो नाही, सरळ आत.
गार हवा, अत्तर,
आणि भिंतीभिंतीतून
त्याची एक, माझी एक.
आणि मधे
(काढला नव्हता तिनं)
तो खोकला.
उलट कडा घासून, गोल करून
तालात बसवला होता.
आरशापुढे एक पोरगा
जांभळ्या बाह्या सारख्या करत
नेमका त्याच जागी मान हलवत होता.

रागवावं का, ते ठरेना.
मी हँगरवरचा एक शर्ट बोटांत धरला.
पाठीवर, खांद्याच्या जरा खाली
वीतभर पट्टा कमी चमकत होता.
मोगरी हलकी पडलीय तिथे.
त्याचीच. माझी तशी पडत नाही.

"काका, मापाचा दाखवू?" दुकानातल्या पोरीनं विचारलं.
मी किंमत वाचली. हसू आलं.
म्हटलं, नको, एवढं गाणं संपलं की निघतो.

ते संपेना.
तिथे ते संपतच नाही,
फिरून पहिल्यापासून लागतं.

शेवटी माझ्या ठोक्यावर बाहेर पडलो,
त्याचा यायच्या आत.