एक्केचाळीस

वेंगुर्ल्याच्या वाचनालयात, वरच्या हॉलमध्ये,
कॉलेजातल्या एका मुलाने चिनी सिनेमा दाखवला.
आम्ही अकरा जण. त्यातले दोघे पंख्यासाठी आलेले.

सिनेमात फारसं काही घडत नाही.
एक बाई नदीकाठच्या शहरात येते,
हातात किटलीचं झाकण.
किटली भावाकडे राहिली, असं दारोदार सांगते.
शहर पाडायला घेतलंय.
आज ज्या गल्लीत विचारलं, ती उद्या नसते.
खाली इंग्रजी भराभर पळत होतं, मला वाचवेना,
पण झाकण कळलं.

आणि कोपऱ्यात, चार सेकंद,
डबा-ब्रश घेतलेला एक माणूस
भिंतीवर आकडा काढतो, पुढच्या घराकडे जातो.
कॅमेरासुद्धा त्याच्याकडे बघत नाही.
मी बघितलं.
मला घाम फुटला, पंखा चालू असून.

खारेपाण. बंदर होणार म्हणून एकशे बारा घरं.
मी भूसंपादनचा शिपाई,
मोजणीवाल्यांच्या मागून गेरूचा डबा घेऊन.
गोठ्याला आकडा नाही, तुळशीला नाही,
माडांची यादी वेगळी: फळते आणि वांझ.
माझं अक्षर चांगलं. माझा त्यात हात एवढाच,
असं मी बायकोला सांगायचो.

एक्केचाळीसला मथुरा खवणेकर.
म्हणाली, "वायच खाली काढ रे, वर तोरण लागता."
मी खाली काढला.

सहा वर्षांनी तिचा भाऊ आला, लवू.
कुठल्या कुठल्या ट्रॉलरवर होता इतके दिवस.
गावाच्या जागी तारेचं कुंपण, कोळशाचा डोंगर,
पहारेकऱ्याला मालवणी येत नाही.
तो कचेरीत माझ्या टेबलाशी येऊन उभा,
हातात पिशवी, पिशवीत बर्फ, बर्फात सुरमई.
"भयणीकडे रित्या हातान कसो जातलंय?"

शनिवार होता, पावणेदोन.
मी म्हटलं, एक्केचाळीस नंबर. बाकी सोमवारी.
रजिस्टर माझ्याच खणात होतं.
फरशीवर पाण्याचं डबकं राहिलं,
ते मीच पुसलं.
सोमवारी तो आला नाही.

सिनेमा संपल्यावर मुलाने विचारलं, काय वाटलं?
कोणी म्हणालं, संथ आहे. कोणी म्हणालं, धूर छान टिपलाय.
मी चप्पल शोधत होतो.

दुसऱ्या दिवशी एस.टी.ने कातळमाथा वसाहतीत.
झाड नाही. पाण्याची निळी पिंपं, दोरीवर परकर,
खाली लांब समुद्र, ऐकू न येणारा.
तीन गावं एकत्र, घरं चिठ्ठ्या टाकून वाटलेली.
एक्केचाळीसचं दार वाजवलं.
दुसऱ्याच गावची बाई. मथुरा? ह्या नावाची नाही कोण.
मग आठवून म्हणाली, "इलो होतो एक जण, मागे.
मासो वायट होतलो म्हणान आमकाच दिल्यान.
गोड होतो हां."

मथुरा निघाली सात नंबरात, दोन गल्ल्या पलीकडे.
मला ओळखलंन. "आकडेवालो."
मी सगळं सांगितलं; शनिवारचं सांगताना
थोडं खोटं बोलणार होतो, बोललो नाही.
ती एवढंच म्हणाली, "बारीक झालो काय रे तो?"
मला चेहरा आठवेना.
मासा आठवत होता. हाताने दाखवला, एवढा.
ती बराच वेळ माझ्या दोन हातांमधल्या
रिकाम्या जागेकडे बघत राहिली.
"पत्तो?"
मी लिहून घेतला नव्हता.

चहा दिलान. मी प्यालो.
निघताना म्हणाली, रंग घेऊन ये.
सात पुसायचा नाही, लाइटबिल येतं त्यावर.
बाजूला एक्केचाळीस.
"आणि आता वायच वर काढ.
रस्त्यावरसून दिसाक व्हया."