दलाली

खाली बॅटरी, बारा व्होल्टची, शिशाची, जडशीळ.
वर फ्रिज. त्याला दोनशे तीस लागतात.
मध्ये हा निळा डबा, पंखा फिरवत बसलेला,
इकडचं तिकडे करतो
आणि दर खेपेला थोडं स्वतःच्या खिशात घालतो.
काही काम नसलं तरी
नुसतं जागं राहण्याचेही घेतो.

"गाडी पळतेय तोवरच याच्या नादी लागा,"
वायकेरीचा लेस हुपाट्झ म्हणाला होता,
"उभ्या गाडीत गॅस लावायचा."
पण बर्नरच्या नळीत कोळ्यानं घर केलं
तेव्हा पेनाँग मागे पडलं होतं
आणि पुढे रस्ता सोडून काहीच नव्हतं.

हा फ्रिज थंड व्हायला आधी तापतो.
आत एक तार लाल होते,
अमोनिया उकळतो,
आणि त्या उकळण्याच्या जिवावर
लोणी घट्ट राहतं.
एव्हिसही अशीच. रागावली की बर्फ.
नऊ वर्षं बोलली नव्हती माझ्याशी.
आत काय पेटलं होतं
ते मी कधी झाकण काढून पाहिलं नाही.

"बंद कर तो," झोपण्याआधी म्हणाली,
"चार किलो जर्दाळूंसाठी बॅटरी मारशील, ग्लेनिस.
चार आण्याची कोंबडी."
बारा आण्याचा मसाला मी मनात म्हटला.
जर्दाळू तिच्याच झाडाचे,
तिच्याच लेकीसाठी, एस्परन्सला.
मी जपायचं आणि तिनं 'जाऊ दे' म्हणायचं,
आईनं लावून दिलेली वाटणी.

मग मी जागी.
फ्रिज खातो पंधरा अँपिअर, डबा वर एक.
बॅटरीत दोनशे, पण त्यातले निम्मेच आपले,
बाकीच्यांना हात लावला की शिसं दगावतं.
म्हणजे सहा तास.
रात्र नऊ तासांची.
त्यात पुढच्या गावी घड्याळं
पाऊण तास मागे जातात.
पाऊण तास फुकटात मिळाला म्हणून हसले,
मग आठवलं, बॅटरी घड्याळ बघत नाही.

बाहेर मैदान. एक झाड नाही.
रोड ट्रेनचे दिवे दिसले
आणि ती येऊन पोचेपर्यंत
माझा एक हिशेब पुरा झाला, चुकला, परत झाला.

तीन चाळीसला डबा किंचाळला.
मी पांघरुणातून निघेपर्यंत
एव्हिस ड्रायव्हरच्या जागेवर,
झोपायच्या झग्यावर कोट, पाय अनवाणी.
किल्ली फिरवली.
"थांबलं की मरतं ना हे? मग चल."
"कांगारू आडवे येतील."
"हळू चालवते."
चाळीसच्या वेगानं, उजाडेपर्यंत,
दोघी समोर बघत.
डबा केव्हा गप्प झाला कळलं नाही.

सीमेवरच्या चौकीत पाटी:
ताजी फळं पलीकडे नेता येत नाहीत.
"मला माहीत होतं," एव्हिस म्हणाली.
"मग रात्री का बोलली नाहीस?"
"तू इतकं मोजत होतीस."

गाडीच्या पायरीवर बसून खाल्ले.
नऊ, दहा, अकरा, मग आकडे सोडून दिले.
रस कोपरापर्यंत, माश्या, तिची हनुवटी पिवळी.
उरलेले गणवेशातल्या पोराच्या पिंपात.
एक बी तिनं कोटाच्या खिशात सरकवली.
पोरानं पाहिलं.
तिनं काढून दिली, शाळेत देतात तशी.

आता आत काय? लोणी. मोहरीची बाटली.
मी बटणाकडे हात नेला.
"असू दे चालू," ती म्हणाली,
आणि डॅशबोर्डवरचं घड्याळ
पाऊण तास मागे केलं.
त्यातलेही दोन-चार क्षण
निळ्या डब्यानं काढून घेतले असतील.